केंद्राची नोकरी की राज्याची? इंदूरच्या दिव्यांग उमेदवारासाठी

आमच्या घरी सध्या हाच वाद. भाच्याला पायाचं अपंगत्व आहे, ४० टक्क्यांच्या वर, म्हणजे आरक्षणाचा हक्क पक्का. आई म्हणते इंदूर सोडू नकोस, मामा (म्हणजे मी) म्हणतो आधी जागा मोज.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार केंद्रात किमान ४ टक्के जागा राखीव. मध्य प्रदेशात ६ टक्के. आकडा राज्याचा मोठा. पण टक्केवारीवर भाळू नका. जाहिरातीत त्या पदासाठी तुमच्या प्रकारचं अपंगत्व चालतं का, हे आधी वाचा. इथेच अनेकांचे अर्ज बाद होतात.

केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांना दिव्यांगांना फी नाही, वयात साधारण १० वर्षं सूट, राखीव प्रवर्गांना त्याहून जास्त. लिहायला अडचण असलेल्या पात्र उमेदवाराला लेखनिक मिळतो, आणि तासाला २० मिनिटं जादा. मात्र नेमणूक देशात कुठेही. घराजवळ ठेवावं असे सरकारी आदेश आहेत, पण त्यात ‘शक्यतो’ हा शब्द आहे, आणि तो फार लवचीक.

राज्याच्या लोकसेवा आयोगाचं तर मुख्यालयच इंदुरात. पेपर हिंदीत देता येतो, आपल्या पोरांचं शिक्षणही बहुधा हिंदीतच. नेमणूक झाबुआला झाली तरी रविवारी पोहे खायला घरी.

मी भाच्याला राज्याची तयारी मुख्य ठेवायला सांगितलंय. स्टाफ सिलेक्शनचे अर्ज फुकटच आहेत, तेही भरायचे. यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांच्या ओळखपत्राचं) काम मात्र या आठवड्यातच.