कब कॅडेटचा पत्रा: भावंडाचा घ्यावा, परका बसवावा की आपलाच ठोकून घ्यावा?

अमेरिकेत जुनं घर घेतलं की गॅरेजमध्ये कधी कधी पिवळा-पांढरा छोटा ट्रॅक्टरही पदरात पडतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट. कोहलरचं इंजिन खटपट केली की सुरू होतं, पण बॉनेट आणि मडगार्ड सडलेले. मग दुसऱ्या मॉडेलचा पत्रा बसेल का?

याचं उत्तर मॉडेलच्या आकड्यात शोधू नका, चासी (खालचा सांगाडा) बघा. १९६१च्या ‘ओरिजिनल’पासून १४७पर्यंत चासी अरुंद. पुढे १०८, १२८, १२९, १४९ आले ते रुंद चासीवर.

सगळ्यात कमी कटकट भावंडाच्या पत्र्यात. १२४ आणि १२५ घ्या. एकाच काळातले, दोन्ही १२ अश्वशक्तीचे; १२४ गिअरचा, १२५ हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा. बॉनेट, मडगार्ड खुशाल अदलाबदल करा. अडतं ते मध्ये: १२५चा वेगाचा दांडा डॅशपाशी, १२४चा गिअरचा दांडा पायांमधल्या झाकणातून वर येतो. तेवढा भाग ज्याचा त्यालाच ठेवावा.

रुंद चासीचं बॉनेट अरुंदवर म्हणजे थोरल्या भावाचा सदरा. कापाकापी, वेल्डिंग, नवी भोकं करून बसेलही. पण मूळ रूपाची किंमत करणारं गिऱ्हाईक ते बघून पाठ फिरवेल. मी तरी या फंदात पडणार नाही.

१९७४मध्ये आलेल्या ‘क्वाएट लाइन’ या कमी आवाजाच्या मालिकेचं (१०००, १२५०, १४५०, १६५०) गणित आणखी निराळं. १४९ आणि १४५० दोन्ही रुंद चासीचे, दोन्ही १४ अश्वशक्तीचे, म्हणून पत्रे एकच समजू नका. १४९चं इंजिन चासीला घट्ट आवळलेलं. १४५०चं रबरावर तरंगतं, आणि आवाज कोंडायला दोन्ही बाजूंना झाकणं. शिवाय कब कॅडेटमध्ये फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) मागे, चालकाच्या बाजूला असतं, त्यामुळे गार हवा तिकडून ओढली जाते. झाकणं, पडदे आणि फटी हवेची ही वाट सांभाळतात. दुसऱ्याच मॉडेलचे तुकडे जोडून ती बिघडली, तर इंजिन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढणार. आणि इंजिनाखालची रबरं दबून गेली असतील तर आधी ती बदला. इंजिन खाली झुकून ड्राइव्हशाफ्टची (इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याची) रेषा चुकत असताना पत्र्याला रंग कसला देताय?

आपलाच पत्रा ठोकून घ्यायचा तर नुसती खालची कड सडलेली असताना जरूर घ्या; पट्टी वेल्ड करून पुट्टी मारली की झालं. बिजागरीची जागाच गळाली असेल तर मात्र भावंड शोधा.

विकत घेताना फोटो आतल्या बाजूचा मागवा, भोकं आणि बिजागरी दिसतील असा. अख्खा ट्रॅक्टर घेत असाल तर बॉनेटवरच्या आकड्याला भुलू नका, आधी दांडा कुठून निघतो ते बघा. आकडा १२५चा आणि दांडा पायांमधून वर आलेला, म्हणजे बॉनेट आधीच कोणीतरी बदललंय.