चार क्लिपांचे डबे: आठ महिन्यांनंतर, रिंगेवरून झालेल्या भांडणासह

दसऱ्याच्या सेलमध्ये घेतलेल्या या डब्यांना आता आठ महिने झाले. डब्यांवर काही लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. पण मागच्या महिन्यात नवऱ्याच्या बॅगेत चिंचगुळाची आमटी सांडली. बॅग डोंबिवलीहून निघालेल्या लोकलच्या रॅकवर, आणि खाली पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ. ठाण्यापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर ते गृहस्थ दादरला उतरेपर्यंत बोलत होते. संध्याकाळी नवरा बोलला. त्याचं संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुला किती वेळा सांगितलं, कडीचा डबा काय वाईट होता गं?" एवढं सगळं ऐकून घेतल्यावर मी कंपनीला फोन लावला, आणि तिथे जे ऐकलं त्यानंतर लिहिल्याशिवाय राहवेना.

सेट कसला ते सांगत बसत नाही, निम्म्या घरांत तो आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, चारी बाजूंना क्लिपा, झाकणाच्या खोबणीत सिलिकॉनची रिंग, तळाला त्रिकोणात ५. चौदा नग, १,४९९ रुपये. म्हणजे डब्याला १०७ रुपये पडले. तेव्हा स्वस्त वाटले होते.

पहिले तीन-चार महिने मी या डब्यांचं इतकं कौतुक केलं की माझ्या सांगण्यावरून दोघींनी घेतले. (त्यांची माफी मागायची की नाही, ते पुढे बघू.) कोथिंबीर निवडून, कोरडी करून, खाली पेपर नॅपकिन घालून ठेवली तर बारा-तेरा दिवस हिरवी राहते. पूर्वी पिशवीत चौथ्या दिवशी तिचा चिखल व्हायचा. चौकोनी डबे एकावर एक बसतात, त्यामुळे फ्रिजचा एक अख्खा कप्पा मोकळा झाला. गोल डब्यांच्या मधे जी रिकामी जागा वाया जाते तिचा हिशोब आपण कधीच करत नाही. आत काय आहे ते दिसतं, म्हणून मागे लपून बसलेली उसळ पाचव्या दिवशी सापडण्याचे प्रकार थांबले.

कोरड्या सामानासाठी मात्र लिटरच्या आकड्यांवर जाऊ नका. सगळ्यात मोठा डबा १.६ लिटरचा. त्यात किलोभर साखर बसून वर जागा उरते, तांदूळही बसतो. कणीक नुसती ओतली तर किलोभर बसत नाही, डबा ओट्यावर आपटत आपटत भरावी लागते. जाडे पोहे अर्ध्या किलोतच काठाला येतात. शिवाय हवाबंद डबा म्हणजे कीड लागणार नाही, हा गैरसमज माझाही होता. रव्यात झाली. किडीची अंडी दुकानातूनच दाण्याबरोबर आलेली असतात, त्यांना आपण घट्ट झाकण लावून उलट सुरक्षित घर देतो. आता रवा आणला की आधी चार दिवस फ्रीझरमध्ये, मग डब्यात. यात डब्याचा दोष नाही, पण पाकिटावर कणसांचं चित्र काढून 'कीडमुक्त' असं सुचवायची गरज नव्हती.

आता रिंग.

या डब्यात अन्न राहतं कशामुळे? प्लॅस्टिकमुळे नाही, क्लिपांमुळेही नाही. डबा आणि झाकण यांच्या मधे दाबली जाणारी ती दोरीएवढी रिंग, तिच्यामुळे. आणि १०७ रुपयांच्या डब्यातली सगळ्यात लाडावलेली गोष्टही तीच. डब्याला लागलेला वास घासून जातो. रिंगेला लागलेला जात नाही. एकदा बांगड्याचं तिखलं ठेवलं होतं, पुढच्या आठवड्यात त्याच डब्यातला शिरा मुलानं हुंगून परत केला. सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून उन्हात वाळवली की वास निम्मा होतो, पूर्ण जात नाही. म्हणून आता दोन डबे कायमचे मासळीचे, त्यांच्या झाकणावर मार्करनं मासा काढलाय. शेजारी एकावर लसूण.

रिंग काढून धुतली नाही तर खोबणीत पाणी राहतं आणि महिन्याभरात काळी रेघ येते. ती बुरशी असते. मला ती जानेवारीत दिसली, आणि तोपर्यंत आपण काय काय खाल्लं याचा विचार करून मी चौदाही झाकणं ओट्यावर काढली. रिंग काढायची ती चमच्याच्या दांड्यानं. मी सुरीच्या टोकानं काढली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमटीच्या प्रकरणानंतर कस्टमर केअरला फोन केला. मुलगी गोड बोलत होती. "मॅडम, रिंग वेगळी येत नाही." बरं, झाकण? "झाकणही वेगळं येत नाही." मग पाच वर्षांची वॉरंटी कशाला आहे? "बॉडीला आहे मॅडम. झाकण, क्लिप आणि रिंग कन्झ्युमेबलमध्ये येतात." अहो, बॉडीला पाच वर्षांत होणार काय? तिच्यावर हत्ती बसणार आहे? जे बिघडतं त्याला वॉरंटी नाही आणि जे बिघडूच शकत नाही त्याला पाच वर्षं! शेवटी तिनं नव्या सेटवर १५ टक्क्यांचं कूपन देऊ केलं. म्हणजे वीस रुपयांच्या रबरासाठी मी पुन्हा बाराशेच्या वर घालायचे.

कुकरचं बघा. आमचा कुकर लग्नातला, म्हणजे एकोणीस वर्षांचा. त्याची रिंग दर दीड-दोन वर्षांनी बदलते, शिट्टी दोनदा बदलली, सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा, दांडा एकदा. स्टेशनबाहेर कुकर दुरुस्तीवाल्याकडे भिंतभर रिंगा टांगलेल्या असतात. कंपनी सांगा, लिटर सांगा, काढून देतो. मी डब्याची रिंग घेऊन त्याच्याकडेही गेले. त्यानं ती बोटात ताणून पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, हे कोणी बनवत नाही. लोक डबाच टाकतात." अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याची रिंग गावोगावी मिळते आणि रोज रस्सा वाहून नेणाऱ्या डब्याची मुंबई महानगरात मिळत नाही!

इथपर्यंतचा मजकूर मी तीन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवला होता. रेटिंगमध्ये एकच तारा देणार होते. मग एक गोष्ट झाली, तीही सांगायला हवी.

सेटमधला सगळ्यात छोटा डबा मी कधी वापरलाच नव्हता. चटणी ठेवायला काढला आणि सहज त्याची रिंग पाहिली. तिला एका बाजूनं पातळ ओठासारखी कड होती, आणि ती कड डब्याच्या काठाकडे, म्हणजे खाली तोंड करून बसवलेली. बाकीची झाकणं काढून पाहिली. निम्म्याहून जास्त रिंगा उलट्या. कड वर, सपाट बाजू खाली. भर म्हणजे लहान मापाच्या दोन डब्यांच्या रिंगा मधल्या मापाच्या झाकणांत ताणून बसवलेल्या. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मीच सांगितलं होतं, रिंगा काढून धुवा म्हणून. त्यांनी काढल्या, धुतल्या, आणि जशा बसल्या तशा बसवल्या. त्यांना तरी कसं कळणार? मलाही आठ महिने कळलं नव्हतं.

मग रीतसर परीक्षा घेतली. वापरातल्या तेराही डब्यांत हळद घातलेलं पाणी, क्लिपा बंद, वर्तमानपत्रावर उलटे, अर्धा तास. रिंगा होत्या तशाच ठेवून सहा गळले. सुलट बसवून पुन्हा केलं तर दोन. त्या दोनांतला एक आमटीचा. त्याची रिंग उलटी नव्हती, पण एका कोपऱ्यात बारीक चीर होती. सुरीच्या टोकाएवढी.

तेव्हा आमटी माझ्यामुळे सांडली. नवऱ्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

पण म्हणून कंपनी सुटते का? मला नाही वाटत. रिंगेवर एक बाण छापायला किती खर्च येतो? पाकिटात पाककृतींचं चकचकीत पत्रक घातलंय, त्यात डब्यात केक कसा करावा ते आहे, रिंग कशी बसवावी ते नाही. आणि चीर कुणाच्याही हातून गेली तरी नवी रिंग विकत का मिळू नये? माझी चूक आहे, मी पैसे देते, द्या ना रिंग.

क्लिपांचं वेगळं आहे, तेही मी आधी एकाच रागात धरलं होतं. माझ्या दोन क्लिपा तुटल्या आणि दोन्ही झाकणं फ्रीझरमधली, एक मटारचं, एक खवलेल्या नारळाचं. तळाचा ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन ही प्लॅस्टिकची जात. त्याची पातळ पट्टी मिटून-उघडून सहजी तुटत नाही, म्हणून तर बाटल्यांची फ्लिप झाकणं त्याची करतात. पण शून्याच्या खाली ते कडक आणि ठिसूळ होतं. फ्रीझरमधून काढल्या काढल्या क्लिप ओढली की टचकन जाते. दहा मिनिटं बाहेर ठेवून उघडायचं, बस्स. पण झाकणावर बर्फाची चांदणी छापून 'फ्रीझर सेफ' लिहिताना हे कुठे लिहिलंय?

माझ्या आईकडे टपरवेअरचे डबे आहेत. ते १९९६ मध्ये भारतात आलं, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत तिनं शेजारणीच्या घरच्या पार्टीत घेतलेले. ना रिंग, ना क्लिप. झाकणच मऊ, मधे दाबून हवा काढायची आणि कड लावायची. ते झाकण वेगळ्या, मऊ जातीच्या पॉलिथिलीनचं, फ्रीझरमध्येही लवचीक राहतं. त्या मूळ अमेरिकन कंपनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आईचं झाकण अजून घट्ट बसतं. आम्ही तेव्हा तिला "एवढे पैसे डब्याला?" म्हणून हसलो होतो.

हळदीचे डाग: जातात. घासून नाही, उन्हानं. हळदीचा रंग तेलात मुरतो आणि प्लॅस्टिकला चिकटतो, पण प्रकाशात टिकत नाही. मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस उघडे ठेवले, पिवळे डबे जवळजवळ पांढरे झाले. टोमॅटो आणि तेलाचे मात्र नाही गेले, आणि ते माझ्या आळसाचे आहेत. तर्रीवाली उसळ डब्यातच मायक्रोवेव्हमध्ये गरम केली. पाणी शंभर अंशांवर थांबतं, तेल थांबत नाही. तेलाच्या रेषेवर डब्याला आतून खरखरीत खड्डे पडले आणि त्यात लाल रंग बसला. तो डबा आता खिळे-स्क्रूंना दिला. 'मायक्रोवेव्ह सेफ' म्हणजे डबा वितळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ धरा. आता मी काचेच्या बाउलमध्ये काढून गरम करते.

तळाच्या आकड्याबद्दल, माझ्या सांगण्यावरून डबे घेतलेल्या त्या दोघींनी विचारलं होतं. त्रिकोणातला ५ फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. अन्नासाठी आहे की नाही, त्यासाठी पेला आणि काटा असलेली खूण बघायची. आपल्याकडच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांत प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्याला किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सासूबाई जपून ठेवतात त्या श्रीखंडाच्या डब्यांखालीही ५च आहे, तरी त्यात गरम आमटी ओतू नये, कारण ते थंड पदार्थासाठी केलेले पातळ डबे. विरजण, खोबरं, उरलेलं पुरण यांना उत्तम. त्यांना रिंग नसते, हा त्यांचा मोठा गुण.

अजून दोन बारीक गोष्टी. इडलीचं पीठ या डब्यात ठेवलं तर क्लिपा लावू नका, फुगून झाकण उडतं, मी फ्रिज पुसलाय. आणि गरम भाजी भरून लगेच बंद केली की थंड झाल्यावर झाकण आत ओढलं जातं, उघडता उघडत नाही, मग माणूस पुन्हा सुरी घेतो.

परवा कंपनीचं पार्सल आलं. माझ्या सातव्या ईमेलनंतर 'सदिच्छा म्हणून' दोन झाकणं, फुकट. मला खरंच आनंद झाला, नवऱ्याला फोन करून सांगितलं. संध्याकाळी लावून बघितली तर कोपरे बसेनात. मध्यंतरी साचा बदललाय म्हणे, नव्या डब्यांचे कोपरे जास्त गोल आहेत. आठव्या ईमेलला उत्तर आलेलं नाही.

त्या झाकणांच्या रिंगा काढून माझ्या जुन्या झाकणात घालून पाहिल्या. तीन बाजू बसतात, चौथीकडे बोटभर उरते. कापून सिलिकॉनच्या गमनं जोडावी असा विचार आहे, पण अन्नाला चालणारा गम ३२० रुपयांचा आहे, म्हणजे तीन डब्यांचे पैसे. तोपर्यंत नवऱ्याला कडीचा डबा देतेय आणि सासूबाई काही बोलत नाहीत, ते जास्त लागतं. कुणाचा एक लिटरचा डबा फुटला असेल तर झाकण टाकू नका. रिंग चपटी करून मोजली तर माझी साडेएकोणतीस सेंटिमीटर भरते, जाडी चार मिलिमीटर. पोस्टाचा खर्च मी देईन.