क्वालिटीराइट्स टूलकिट: मनोरुग्णालय तपासायचं साधन, आणि त्यात मानसोपचारतज्ज्ञाचं काम

मनोरुग्णालयाची पाहणी म्हटली की खाटा, डॉक्टर आणि डिस्चार्ज मोजले जातात. माणसाला रात्री बांधून ठेवलं होतं का, गोळी नको म्हटल्यावर पुढे काय झालं, हे त्या मोजणीत कुठेच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१२ मधलं क्वालिटीराइट्स टूलकिट हे प्रश्न थेट विचारतं. ते मोफत आहे आणि ओपीडीपासून दीर्घ मुक्कामाच्या वॉर्डापर्यंत कुठेही वापरता येतं. काळजीपूर्वक वापरलं तर इतकं कामाचं दुसरं साधन सापडणं अवघड.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर ते बेतलेलं आहे. विषय पाच: राहणीमान, उपचारांचा दर्जा, स्वतःचे निर्णय व स्वातंत्र्य, छळ-हिंसेपासून संरक्षण, आणि समाजात राहण्याची संधी. त्याखाली २५ मानकं, ११६ निकष. माहिती मुलाखती, कागदपत्रं आणि प्रत्यक्ष पाहणी अशा तीन वाटांनी घ्यायची. शेरे चार: पूर्ण, अंशतः, सुरुवात झालेली, सुरुवातच नाही; निकष गैरलागू असेल तर 'लागू नाही'. गुण नसल्यामुळे सरासरी काढता येत नाही, आणि हे फार चांगलं आहे. नाहीतर स्वच्छ संडास आणि चांगल्या जेवणाच्या जोरावर कोंडून ठेवायची खोली झाकली गेली असती.

गडबड होते ती समिती नेमताना. मानसोपचारतज्ज्ञ, नर्स, वकील, नातेवाईक आणि स्वतः उपचार घेतलेली माणसं, असं मिश्रण हवं. प्रत्यक्षात उपचार घेतलेला सदस्य एखादाच असतो, तोही सहीपुरता. मुलाखती वॉर्डच्या सिस्टरसमोर होतात आणि सगळी उत्तरं 'छान आहे' अशी येतात. म्हणून मुलाखत कर्मचाऱ्यांच्या कानाआड घ्यावी, तज्ज्ञ बाहेरच्या संस्थेतला असावा आणि एक तरी भेट न कळवता, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी द्यावी.

मानसोपचारतज्ज्ञाची खरी गरज लागते ती केसपेपर वाचताना. वकिलाला बंधनांचं रजिस्टर, म्हणजे कोणाला बांधलं वा कोंडलं याची नोंदवही, कोरं दिसलं की समाधान वाटतं. तज्ज्ञाने त्याच रात्रींचे औषधांचे तक्ते शेजारी ठेवावेत. रजिस्टरात एकही नोंद नाही, पण एकाच शिफ्टमध्ये चार-पाच जणांना झोपेचं एसओएस (गरज पडली तरच द्यायचं) इंजेक्शन, कारणाच्या रकान्यात फक्त 'अस्वस्थ', असं दिसलं तर दोरीची जागा औषधाने घेतली असण्याची दाट शक्यता असते. संमतीपत्रंही अशीच तपासायची. सगळ्यांवर एकच हस्ताक्षर, भरतीचीच तारीख आणि उपचाराचं नाव छापील असेल, तर ती संमती मानू नये. शॉक ट्रीटमेंटच्या नोंदींत भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दोन्ही दिसायला हवं. अल्पवयीनांना ही ट्रीटमेंट दिलेली नसावी, असं टूलकिट स्पष्ट सांगतं.

शारीरिक आरोग्याचे निकष घाईत उरकू नयेत. दीर्घ मुक्कामाच्या रुग्णांचे मृत्यू अनेकदा हृदयविकार, मधुमेह, संसर्ग अशा कारणांनी होतात, आणि काही औषधांनी वजन व साखर वाढते. दर तक्त्यात वजन, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल शोधा. लिथियम (मनःस्थितीचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घेतलेली हवी, शिवाय किडनी-थायरॉइडची तपासणी. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध, ज्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात) असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची मोजणी हवी. दोन अँटीसायकोटिक (भ्रम-भासांवरची औषधं) एकत्र चालू आणि कारण कुठेच लिहिलेलं नाही, ही तर हमखास सापडणारी चूक.

न्हाणीघराच्या कडीसारख्या साध्या गोष्टीतही टूलकिटपुढे पेच उभा राहतो. खासगीपणासाठी आतून कडी हवी, आत्महत्येचा धोका पाहता नको. तोडगा आहे: आतून लागणारी, पण बाहेरून किल्लीने उघडणारी कडी. असे तोडगे सुचवणं हेही तज्ज्ञाचंच काम.

आता कमतरता. अन्नपाणी सोडलेल्या, भ्रमात असलेल्या माणसाने उपचार नाकारले तर काय करायचं, याचं पुरेसं उत्तर इथे मिळत नाही. अपंगांच्या हक्कांच्या त्याच कराराच्या समितीने २०१४ मध्ये, माणसाच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेण्याची पद्धतच बंद करा असं म्हटलं, आणि अनेक मानसोपचारतज्ज्ञांना ते मान्य नाही. हा वाद तपासणीच्या दिवशी मिटणार नाही. मात्र माणूस बरा असताना 'पुन्हा आजारी पडलो तर मला काय हवं, काय नको, कोणाला बोलवा' हे लिहून ठेवलंय का, आणि ते केसपेपरच्या पहिल्या पानावर आहे का, एवढं नक्की तपासता येतं.

दुसरी उणीव जास्त मोठी आहे. टूलकिट दाराच्या आतलं तपासतं. जो दारापर्यंत पोहोचलाच नाही तो त्यात दिसत नाही. जगभरात सरकारी आरोग्यखर्चातले सरासरी २ टक्केच मानसिक आरोग्याला मिळतात, आणि त्यातला मोठा वाटा मोठी मनोरुग्णालयंच घेतात. त्यामुळे अहवालातून फक्त भिंतींना रंग आणि नव्या गाद्या मागितल्या, तर तपासणीने त्याच इमारतीकडे आणखी पैसा वळवला असं होईल. अहवालासोबत तज्ज्ञाने दोन याद्या जोडाव्यात. पहिल्या यादीत आजच थांबवायच्या गोष्टी, प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख. दुसरीत, घरी जाऊ शकतील पण राहायला जागा नाही म्हणून अडकलेल्या रुग्णांची संख्या आणि त्यांना बाहेर ठेवण्याचा खर्च. ही दुसरी यादी अधीक्षकाच्या टेबलावर थांबू देऊ नये. ती बजेट ठरवणाऱ्या खात्याकडे थेट जावी.