टॉवर घ्यावेत की छोट्या स्पीकरला सब जोडावा? १० बाय १४ च्या हॉलचा हिशेब

कोल्हापुरात बेस म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो मिरवणुकीतल्या डॉल्बीचा दणदणाट. घरात सबवूफर (थोडक्यात सब, म्हणजे फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) येतोय हे कळल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच अडवलं. "आता काय रोजच गणपती व्हय?" त्यांची समजूत काढता काढता माझाच हिशेब पक्का झाला.

राजारामपुरीतला फ्लॅट, १० बाय १४ फुटांचा हॉल, पाच इंची वूफरचे (खालचे सूर काढणाऱ्या पडद्याचे) बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर आणि साधा जुना स्टिरिओ अँप. गळा सुरेख लागायचा, पण डग्गा पोकळ वाटायचा आणि बेस गिटार जणू शेजारच्या घरात वाजायची. वाटा दोन होत्या. हे स्पीकर विकून साडेसहा इंची दोन-दोन वूफरचे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घ्यायचे, नाहीतर हेच ठेवून दहा इंची सब जोडायचा. पैसा दोन्हीकडे साधारण सारखाच जात होता.

त्याआधी आपण ऐकतो काय, ते बघा. आवाजाची सेकंदाला किती कंपनं ते हर्ट्झ, आकडा जितका लहान तितका सूर खालचा. पाच इंची वूफर खाली बहुधा ५५ ते ६५ हर्ट्झपर्यंत तग धरतो, मग घसरतो. काळी एकमध्ये लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो, म्हणजे तो हाती लागतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ वर आणि पियानोची शेवटची पट्टी २७.५ वर. तिथे छोटा स्पीकर हात टेकतो. कोल्हापूर हे ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांचं गाव, देवल क्लब ही गाण्याची संस्था इथे १८८३ पासून आहे. तुमचं कपाट ख्याल आणि नाट्यसंगीतानं भरलेलं असेल तर टॉवर नको आणि सबही नको, साडेसहा इंची चांगले बुकशेल्फ घ्या आणि मोकळे व्हा. गायिका केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांत इतक्या खाली काही नाहीच, तर सब वाजवणार काय? सिनेसंगीत, रॉक, जॅझ, चित्रपट ऐकणाऱ्यांनी पुढे वाचावं.

टॉवरच्या बाजूनं बोलायचं तर त्यांचा आवाज एकसंध असतो. बेस आणि गळा एकाच खोक्यातून, एकाच पोताचा येतो. नॉब नाहीत, जादा प्लग नाही. मोठ्यानं लावले तरी दम लागत नाही. शिवाजी पेठेत माझ्या एका मित्राचं जुनं घर आहे, लाकडी तक्तपोशीचं, वर माडी. तिथे टॉवर असे काही वाजतात की उठवत नाही. लाकूड थोडं थरथरतं आणि बेस पिऊन टाकतं.

सिमेंटचा फ्लॅट बेस पीत नाही, परत फेकतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपास खोली स्वतःच घुमायला लागते. हा घुमारा भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो, आणि आपल्याकडे सोफा कुठे असतो? भिंतीला टेकूनच. उलट बरोबर मधोमध बसलात तर तोच ४० चा सूर जवळजवळ गायब. टॉवर तर डावी-उजवी बाजू नीट ऐकू यावी अशाच जागी उभे करावे लागतात, त्यांना बेससाठी सरकवायला वाव नाही. त्यातून पोर्ट (बेस बाहेर सोडणारं खोक्याचं भोक) मागच्या बाजूला असेल तर मागे फूट-दीड फूट मोकळं हवं. पुण्याच्या शोरूममध्ये ऐकून खूश झालेला माणूस २३० किलोमीटर परत येऊन डोक्याला हात लावतो तो इथे. (सोफा आधी फूटभर पुढे ओढून बघा, फुकटात बराच फरक पडतो.)

सबची खरी कमाई खोलपणापेक्षा जागेची आहे. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे सब कुठेही ठेवता येतो. जागा शोधायची रीत हास्यास्पद आहे, पण चालते. सब सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, बेसची एखादी ओळ चालू ठेवायची आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे तो एकसारखा आणि मोकळा ऐकू येईल ती सबची जागा. माझी निघाली दिवाणाशेजारी, दाराजवळ. टीव्हीच्या कोपऱ्यात नुसता गडगडाट होता.

दुसरा फायदा यांत्रिक आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट मागेपुढे जावं लागतं. दहा इंची पडद्याचं क्षेत्रफळ पाच इंचीच्या चौपट, म्हणून त्याला ते झेपतं. पण यात एक मेख आहे. छोट्या स्पीकरांचं ओझं खरंच हलकं व्हायचं तर अँपनं ८० च्या खालचं त्यांच्याकडे पाठवायचंच नाही. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अँप) हे करतो, जुना स्टिरिओ अँप करत नाही. त्याला तर सबसाठी वेगळी पिनही नसते. मग स्पीकरच्याच टर्मिनलवरून वायर काढून सबच्या हाय-लेव्हल इनपुटला (स्पीकरची वायर घेणाऱ्या जोडणीला) द्यावी लागते. डिजिटल अँप असेल तर काळं टर्मिनल अर्थ समजून जोडू नका, मॅन्युअल बघा.

अशा जोडणीत सबचा क्रॉसओव्हर (सबनं कुठल्या सुराच्या खाली वाजवायचं ती सीमा) ५५-६० ला ठेवायचा, जिथे छोटे थकतात तिथे. मी पहिले आठ दिवस हौसेनं १२० वर ठेवला होता आणि निवेदकाचा अर्धा आवाज दिवाणाखालून येत होता. फेजचं बटण (सब आणि स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे-मागे व्हावेत यासाठीचं) ० आणि १८० दोन्हीकडे करून बसल्या जागी ऐका, जिकडे भरीव लागेल तिकडे ठेवा. सतत गुणगुण येत असेल तर केबल टीव्हीची वायर काढून बघा, बऱ्याचदा चोर तीच निघते.

छोट्या खोलीत सब बंद पेटीचा, पोर्टवाल्याचा मोह नको. बंद पेटीचा आवाज खाली हळूहळू उतरतो आणि छोटी खोली तोच थोडा उचलून धरते. सेकंडहँड घेत असाल तर पडद्याभोवतीची कड बोटानं दाबून बघा. फोमची असेल तर आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती भुसभुशीत होते, रबराची टिकते.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, दार लावून ती थांबत नाही. रबरी मॅटनं फक्त खोक्याची जमिनीला होणारी थरथर कमी होते. पण रात्री दहानंतर सबचा एक नॉब खाली आणता येतो, टॉवरला ती सोय नाही. काकूंना मी हेच सांगितलं.

मी सब घेतला. हॉल १५ बाय २२ चा असता किंवा डोक्यावर माडी असती तर टॉवर घेतले असते. जुळणी तपासायला हलगी-घुमक्याचं एखादं रेकॉर्डिंग लावा. हलगीचा कडकडाट छोट्यांकडून येणार आणि घुमक्याचा तळ सबकडून. दोन्ही माणसांच्या एकाच घोळक्यातून आल्यासारखे वाटेपर्यंत सब सरकवत राहायचा. मला तीन रविवार लागले.