पत्र्याखालचा माळा आणि फॉइलची चादर : अकरा महिन्यांचा अनुभव

अकोल्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पूर्वी धान्याच्या कणग्या आणि लोखंडी ट्रंका असत. कौले काढून पत्रे टाकल्यापासून तिथे उन्हाळ्यात पाच मिनिटे उभे राहणेही नकोसे होई. मुलाला बारावीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र जागा हवी होती आणि घरात दुसरी खोली नव्हती, म्हणून गेल्या फेब्रुवारीत हा माळा उष्णतारोधक करून घ्यायचे ठरवले. खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये होती. आता एक उन्हाळा, एक पावसाळा आणि बहुतेक हिवाळा पार पडला आहे, त्यामुळे काय साधले आणि काय फसले ते लिहीत आहे.

जिप्समच्या फॉल्स सिलिंगचा अंदाज बावीस हजारांवर गेला आणि दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनेलचा आकडा ऐकून तो विचार तिथेच सोडला. थर्माकोल स्वस्त होता, पण तो चटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. जिथे मूल रात्री उशिरापर्यंत बसणार, तिथे तो लावायची माझी तयारी नव्हती. शेवटी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे चकाकते अस्तर आणि मध्ये हवेचे बुडबुडे असलेली, 4 मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चादर घेतली. तीही प्लास्टिकच असल्याने जळते, म्हणून आधी माळ्यावरच्या सगळ्या उघड्या वायरी पाइपात घालून घेतल्या. चादर चौरस फुटाला 19 रुपयांनी पडली आणि छपराच्या उतारासह 300 चौरस फूट लागली.

पहिली चूक इथेच झाली. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी अर्ध्या छपराला चादर पत्र्याला अगदी चिकटवून ठोकली, कारण ती तशी नीटनेटकी दिसते. संध्याकाळी मी माहितीपत्रक वाचले तेव्हा लक्षात आले की चकाकत्या अस्तराचे काम तापलेल्या पत्र्यातून निघणारी किरणांची उष्णता परतवणे हे आहे आणि त्यासाठी पत्रा व अस्तर यांच्यामध्ये हवेची मोकळी जागा लागते. दोघे टेकले की उष्णता थेट एकातून दुसऱ्यात उतरते. दुसरा अर्धा भाग मग तीन सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोकून, अंतर सोडून केला. पहिला भाग लगेच उकलायला पैसे नव्हते, म्हणून तो एप्रिलपर्यंत तसाच राहिला आणि त्यामुळे तुलना आपोआप घडली.

ती मोजतानाही आधी फसगत झाली. शेजाऱ्यांकडून आणलेली तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक फॉइलवर धरली तर 36 अंश दाखवू लागली आणि मी क्षणभर फार खूश झाले. चकाकता पृष्ठभाग स्वतःचे नव्हे, तर समोरच्या वस्तूंचे तापमान परावर्तित करतो, हे नंतर समजले. मग फॉइलवर वायरिंगच्या काळ्या टेपचे दोन बोटे रुंद तुकडे चिकटवले, अर्धा तास थांबून त्यांच्यावर बंदूक धरली, तेव्हा खरे आकडे आले. एप्रिलअखेर दुपारी तीन वाजता पत्र्याची आतली बाजू 67 अंश, चिकटवलेल्या भागातली फॉइल 54 आणि अंतर सोडलेल्या भागातली 47 होती. चिकटवलेला भाग अगदीच वाया गेला नव्हता, परंतु तीन सेंटिमीटर हवेने सात अंशांचा फरक पाडावा हे पाहून मी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींना परत बोलावले आणि मजुरीचे सोळाशे रुपये जास्तीचे मोजले.

हवेच्या त्या थराला खाली वळचणीशी आणि वर आढ्याजवळ तोंड उघडे ठेवले, म्हणजे तापलेली हवा उताराने वर चढून निघून जाते. चिमण्या आणि उंदीर शिरू नयेत म्हणून दोन्हीकडे जाळी लावली. आधी मच्छरजाळी लावली होती, ती महिन्याभरात धुळीने बुजली. आता जाड तारेची चौकटीची जाळी आहे.

पत्र्यांवर वरून पांढरा रंग द्यायचा विषय काढला तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, "ताई, पत्र्याले चुना लावता काय? घर हाय का गोठा?" तेलंगणाने 2023 साली छपरे थंड ठेवण्याचे स्वतंत्र धोरणच आणले, हे सांगून त्यांचे समाधान झाले नाही. मी तरीही चुन्यात फेविकॉल मिसळून दोन हात दिले. उन्हाळाभर त्याचा उपयोग झाला, पण गुळगुळीत पत्र्यावर चुना धरत नाही; जुलैत पागोळ्यांतून पांढरे पाणी अंगणात पडले आणि तुळशीवृंदावनावर ओघळ उमटले. शिवाय ओला चुना पत्र्यावरच्या जस्ताला मानवत नाही. हे अकराशे रुपये मी चुकीच्या ठिकाणी घातले असे मानते. या वेळी पत्र्यासाठीचे प्रायमर लावून वर पांढरा ॲक्रिलिक रंग देणार आहे.

खोलीतल्या हवेपुरते बोलायचे तर, बाहेर 43 अंश असताना टेबलाच्या उंचीवर आदल्या वर्षी 46 असे, आता 41 ते 42 असते. डोक्यावर तवा धरल्यासारखी जी धग येत असे ती मात्र जवळजवळ गेली. पूर्वी तिथे कूलर निरुपयोगी होता; आता वाळ्याची ताटी लावलेला छोटा कूलर आणि उघडी खिडकी यांवर नवतपाही, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवसही, निभावला.

रात्रीची अडचण मात्र मला कोणी आधी सांगितली नव्हती. उघडा पत्रा दिवसा जितका तापतो तितकाच रात्री भराभर निवतो, त्यामुळे पूर्वी अकरापर्यंत माळा सुसह्य होई. चादर लावल्यावर दिवसभर भिंतींनी आणि फळ्यांनी साठवलेली उष्णता आतच अडकू लागली आणि एक वाजेपर्यंत उकडत राहिले. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत नऊ इंची एक्झॉस्ट पंखा, 1,450 रुपयांचा, बसवला आणि सूर्यास्तानंतर खिडकी उघडून तो लावायला लागलो, तेव्हा हे सुधारले. हा पंखा पहिल्याच यादीत असायला हवा होता. पत्र्याखाली चादर लावणाऱ्याने हवा बाहेर काढायची सोय केली नाही, तर त्याचा अर्धा खर्च रात्री वाया जातो. एकूण हिशेब 15,800 रुपयांवर गेला.

पावसाचा आवाज कमी होईल ही विक्रेत्याची हमी मला फारशी पटली नाही; थोडा दबतो, इतकेच. उलट गळतीचा शोध अवघड झाला. पत्रा आवळणाऱ्या एका जे-हूकच्या (वाकड्या बोल्टच्या) वॉशरमधून शिरलेले पाणी फॉइलवरून उताराने घरंगळत दहा फूट लांब भिंतीशी टपकत होते आणि आम्ही दोन आठवडे भलतीकडेच डांबर लावत बसलो. हिवाळ्यात याचाच फायदा झाला: पहाटे पत्र्याला जो घाम येतो तो आता पुस्तकांवर न पडता फॉइलवरून वळचणीबाहेर जातो.

सांध्यांवरची चंदेरी टेप दक्षिणेकडच्या चार ठिकाणी सुटली आहे. चिकटवण्यापूर्वी फॉइलवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली नव्हती, त्याचाच हा परिणाम असावा. जिथे पुसून लावली तिथली टेप अजून नखाने उचलत नाही. फेब्रुवारीत रंगकामाच्या वेळी ते चार सांधे पुन्हा करून घ्यायचे आहेत.