कॉपर ऑक्सिक्लोराइड पावडर: औषध बरंय, उशीर आपणच करतो

5 पैकी 4 स्टार. 1 का कापला ते खाली सांगतो.

या पावडरीखाली अर्ध्या लोकांनी लिहिलंय "मारलं, घंटा फरक नाही पडला". मीपण हेच लिहिणार होतो. टोमॅटोच्या पानांवर काळे ठिपके दिसले, भोवती पिवळी कडा, लगेच धावत जाऊन फवारलं आणि आठ दिवसांनी बघतो तर ठिपके जागच्या जागी. मग हे ठिपके पाडणारा बॅक्टेरिया पानात शिरतोच कसा ते वाचत बसलो आणि चूक माझीच निघाली.

हा ठिपक्यांवाला म्हणजे सूडोमोनास सिरिंगी. याला एका टोकाला बारीक शेपट्या असतात, फ्लॅजेला, पान ओलं असलं की त्या गरागरा फिरवत पाण्याच्या पातळ थरातून हा पोहत सुटतो आणि पर्णरंध्र नाहीतर एखादी जखम गाठतो. बुरशीसारखं पानाची साल भेदून घुसणं याला जमत नाही, उघडं दारच लागतं. गंमत म्हणजे ती शेपटीच चुगली करते, तिच्या प्रथिनातला 22 अमिनो आम्लांचा एक तुकडा झाडाला ओळखू येतो आणि झाड रंध्रं मिटायला लागतं. पण गडी बेरकी आहे, टोमॅटोवरच्या या बॅक्टेरियाचे बरेच प्रकार कोरोनाटिन नावाचं विष सोडून तीच रंध्रं परत उघडायला लावतात!

एकदा आत गेला की पेशींच्या मधल्या फटीत बसून अंगावरून केसासारखी पोकळ नळी काढतो, तिला एचआरपी पिलस म्हणतात, जाडी नॅनोमीटरमध्ये पण लांबी काही मायक्रोमीटर, कारण झाडाच्या पेशीची भिंत ओलांडायची असते ना. आपल्या पोटात गडबड करणाऱ्या साल्मोनेलाकडे पण अशीच सुई आहे पण एकदम आखूड, आपल्या पेशींना तसली भिंतच नाही. या नळीतून तो आपली प्रथिनं थेट पेशीत ढकलतो आणि झाडाचा प्रतिकार ढिला पडतो.

आता कॉपर काय करतं, तर पानावर बसून राहतं, ओलाव्यात थोडं थोडं विरघळतं आणि बाहेर पोहणाऱ्याला मारतं. आत बसलेल्यापर्यंत ते पोचतच नाही हो. म्हणजे ठिपका दिसला तेव्हा आपली गाडी सुटलेली असते. पुढच्या खेपेला पावसाळी हवा सुरू व्हायच्या आधीच मारलं, तेव्हा ठिपके खूपच कमी आले.

1 स्टार कापला कारण जोराचा पाऊस झाला की धुऊन जातं आणि नवी फुटलेली पानं उघडीच राहतात. शिवाय काही बॅक्टेरियांनी कॉपर पचवायची जनुकं कमावलीत, त्यामुळे दर वेळी हेच एक मारत बसू नका, आणि जास्त घट्ट करून तर अजिबात नको, पानं भाजतात.

बॅक्टेरियामुळे येणाऱ्या मर रोगासाठी घेताय? राहू द्या. त्याचा बॅक्टेरिया राल्स्टोनिया, तो मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्यांत चिकट बुळबुळीत थर करून त्या तुंबवतो, पानावरच्या कॉपरचा तिथे काय संबंध.

बाकी पावडर तळाला बसते, पंप मधे मधे हलवत राहा नाहीतर नोझल तुंबतो, माझा दोनदा तुंबला.