‘द एन्डलेस समर’ : १९६६चा मूळ माहितीपट पाहावा की १९९४चा उत्तरभाग?

सर्फिंगवरचा एखादाच प्रवासपट पाहायचा असेल, तर ब्रूस ब्राउन यांच्या या दोन चित्रपटांपैकी कोणता निवडावा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कारण दोन सर्फरांनी लाटांच्या शोधात जगभर हिंडावे आणि ब्राउन यांनी स्वतः निवेदन करावे, ही मांडणी दोन्हींकडे सारखीच आहे. मूळ चित्रपटात माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट हे कॅलिफोर्नियाचे तरुण उन्हाळ्याच्या मागोमाग सेनेगल, घाना, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती असा प्रवास करतात. उत्तरभागात ‘विंगनट’ या टोपणनावाने ओळखले जाणारे रॉबर्ट वीव्हर आणि पॅट ओ’कॉनेल कोस्टा रिका, फ्रान्स, फिजी, बाली, जावा येथे जातात.

निव्वळ सर्फिंगचे कसब पाहायचे असेल, तर उत्तरभाग सरस आहे. १९६०च्या दशकातले बोर्ड लांब आणि जड होते. बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरीही तेव्हा प्रचारात नव्हती, त्यामुळे सर्फर पडला की बोर्डामागे किनाऱ्यापर्यंत पोहत जावे लागे. उत्तरभागात वीव्हर लांब बोर्डावर आणि ओ’कॉनेल आखूड बोर्डावर असल्याने दोन्ही शैलींतला फरक एकाच लाटेवर उलगडतो, आणि चित्रीकरणही अधिक सफाईदार आहे.

तरीही माझा कौल मूळ चित्रपटालाच आहे. फिजी किंवा बालीच्या लाटांची ख्याती १९९४पर्यंत सर्वदूर झाली होती. हिन्सन आणि ऑगस्ट मात्र आफ्रिकेच्या अशा किनाऱ्यांवर उतरतात, जिथे सर्फिंग करता येईल की नाही हेच त्यांना ठाऊक नाही. ही अनिश्चितता प्रेक्षकाच्याही वाट्याला येते, म्हणूनच दक्षिण आफ्रिकेतल्या केप सेंट फ्रान्सिसची ती लांबलचक, एकसंध फुटत जाणारी लाट दिसते तेव्हा होणारा आनंद खरा वाटतो. (ती लाट अशी क्वचितच फुटते, निवेदनात तिचे कौतुक जरा सढळपणे केले आहे.) सुमारे ५०,००० डॉलरांत, १६ मि.मी. फिल्मवर केलेले हे काम वितरकांनी नाकारले, तेव्हा ब्राउन यांनी ते समुद्रापासून फार दूर असलेल्या कॅन्ससमधील विचिटा शहरात ऐन हिवाळ्यात दाखवले आणि तिथेही चित्रपटगृह भरले. सर्फिंगशी काडीचाही संबंध नसलेल्या वाचकाला मी हा चित्रपट निःशंकपणे सुचवतो, तो यामुळेच.

एक दोष मात्र गंभीर आहे. आफ्रिकेतल्या माणसांविषयीचे विनोद आज खटकतात, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाकडे हा चित्रपट गांभीर्याने पाहतच नाही. ज्यांना हे सोसवणार नाही, त्यांनी थेट उत्तरभाग पाहावा. इतरांनी मूळ चित्रपट आधी पाहावा, कारण उत्तरभागात केप सेंट फ्रान्सिसला पुन्हा भेट दिली जाते तेव्हा तिथे घरांची वस्ती झालेली आहे, आणि पूर्वीचा निर्मनुष्य किनारा पाहिलेला नसेल तर त्या बदलाची तीव्रता जाणवत नाही.